वहीतला रकाना

धाकट्या भावाला लिथियम सुरू होऊन अकरा वर्षं झाली. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. प्रमाण फार वाढलं की हात थरथरतो, चहा बशीत सांडतो. ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी हे औषध आधी गिनीपिगना दिलं, मग स्वतः घेऊन पाहिलं आणि १९४९ मध्ये उन्मादाच्या दहा रुग्णांवरचे अनुभव छापले. ते मेंदूत नेमकं काय करतं, याचा पुरता उलगडा अजून झालेला नाही. तो व्हावा म्हणून संशोधकांनो, संगणकावर मेंदूची प्रारूपं जरूर करा, त्यासाठी पैसाही हवाच. पण त्यात भावाची झोप, ती बशी, आईचं रात्रभर जागणं यांनाही रकाना द्या. आम्ही अकरा वर्षं वहीत सगळं टिपतोय. आजवर एकाही संशोधकाने ती वही मागितलेली नाही.