आकडा आणि राजमुद्रा

मटक्याचे मूळ कापसात आहे. न्यूयॉर्कच्या कापूस-बाजारातून येणाऱ्या भावांवर मुंबईत आकडे लागत. दिवसभर कापूस कातणारा गिरणी-कामगार संध्याकाळी कापसाच्याच भावावर नशीब अजमावी. १८८७ च्या जुगार-प्रतिबंधक कायद्याच्या लेखी तो गुन्हेगार होता. १९६९ मध्ये महाराष्ट्र शासनाने स्वतःची लॉटरी काढली आणि तिचे तिकीट घेणारा तोच माणूस शासनाचा सन्माननीय ग्राहक झाला. आशा तीच, फरक केवळ राजमुद्रेचा.

त्याला लोभी म्हणून हिणविणारे विसरतात, की घामाला फळ येते या वचनावरचा विश्वास उडाला म्हणजेच माणूस तिकिटाकडे वळतो. ते वचन पाळण्याचे दायित्व ज्या शासनाचे, त्यानेच या निराशेचे दुकान मांडावे? जुगाराचा दोष द्यावयाचाच असेल, तर तो आधी विकणाऱ्याला द्यावा.