चिल्लर कोणी घ्यायची?

आठवडी बाजाराच्या दिवशी आमच्या गावातल्या एका किराणा दुकानात घडलेला हा प्रसंग आहे. देवळापाशी फुलांचे पुडे विकणाऱ्या एका वृद्ध बाईंनी पंधरवड्याचे सामान बांधून घेतले आणि साडेआठशे रुपयांची नाणी पिशवीतून फळीवर ओतली. दुकानदार म्हणाला, "मावशी, एवढी चिल्लर मी कुठे खपवू? नोटा आणा, सामान बाजूला ठेवतो." त्या म्हणाल्या, "शेठ, दहा रुपयांच्या पुड्याला मला नोट कोण देतं?" सामान तिथेच राहिले. नाणी पुन्हा पिशवीत भरायला त्यांना बराच वेळ लागला. दुकानदार मनाने दुष्ट नव्हता. त्याच्या फळीखाली अशाच नाण्यांनी भरलेले दोन डबे पडून होते, आणि घाऊक व्यापारी ते घेत नव्हता.

कायदा कोणाच्या बाजूचा होता? 2011 च्या नाणे कायद्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे एक रुपया व त्यावरील नाणी एक हजार रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी वैध चलन आहेत. पन्नास पैशांचे नाणे दहा रुपयांपर्यंत चालते. पंचवीस पैसे व त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून चलनातूनच बाद झाली. म्हणजे साडेआठशे रुपयांची ती रास पूर्णपणे कायद्याच्या मर्यादेत होती. तथापि वैध चलन म्हणजे मुख्यतः झालेले देणे फेडण्याचे साधन. खाणावळीत जेवण झाल्यावर मालकाला मर्यादेतली नाणी नाकारता येणार नाहीत. पण सौदा पुरा होण्याआधीच दुकानदाराने हात आखडता घेतला तर त्याला बांधून घालणे अवघड. शिवाय नाणी वितळवणाऱ्याला शिक्षा सांगणाऱ्या या कायद्यात, नाणी नाकारणाऱ्याला शिक्षा सांगणारे कलम नाही. हक्क आहे, पण तो बजावायचा कोणाच्या दारात, हे सांगितलेले नाही. गरिबांच्या बहुतेक हक्कांची हीच कथा असल्यामुळे आपल्या वाचकांना याचे नवल वाटू नये.

आपले काही मित्र म्हणतात की, ही हजाराची मर्यादाच काढून टाकावी. 1906 च्या जुन्या कायद्यात रुपयाच्या नाण्याला ती नव्हती, हे खरे. पण मला ही मागणी घाईची वाटते. चिल्लर हे गरिबाचे धन आहे, तसेच ते गरिबाला छळण्याचे हत्यारही होऊ शकते. वेतन चालू नाण्यांत वा नोटांत द्यावे, असे 1936 च्या वेतनाच्या कायद्याने सांगितले होते, आणि 2019 च्या वेतन संहितेतही नाण्यांचा उल्लेख आहे. उद्या एखाद्या मालकाने काढून टाकलेल्या कामगाराची थकबाकी पोत्यांत भरून त्याच्या पुढ्यात टाकली, तर त्याला नाही म्हणण्याचा आधार कोणता? हीच मर्यादा. ही भीती केवळ काल्पनिक नव्हे. 2023 मध्ये जयपूरच्या एका न्यायालयात एका पतीने पत्नीच्या थकलेल्या पोटगीपोटी पंचावन्न हजार रुपये नाण्यांत आणले. न्यायालयाने ते घेतले, पण मोजून हजार-हजाराच्या पिशव्या करण्याचे काम त्याच्यावरच टाकले. त्या स्त्रीला मोजत बसवले नाही, एवढे बरे झाले.

तेव्हा मर्यादा राहू द्यावी. दोष मर्यादेत नाही. त्या मर्यादेपलीकडे साचणारी नाणी परत घेण्याची जबाबदारी कोणी मनापासून पत्करत नाही, यात आहे. नाणी पाडते केंद्र सरकार. रिझर्व्ह बँक ती बँकांमार्फत लोकांत आणते. नाणे वरून खाली सहज उतरते, पण खालून वर चढताना पायरी-पायरीवर अडते. फुलवाली, चहावाला, हमाल यांच्या हाती ते एकेक करून येते आणि ढिगाने साठते. ज्याच्या खिशात फोन आहे, तो आता पाच रुपयेही फोनवरून देतो. नाणे उरते ते ज्यांच्यापाशी तसा फोन नाही त्यांच्यातच फिरत. दहा रुपयांच्या नाण्याबद्दल अफवा उठली, तेव्हा तिचा मारही याच लोकांनी खाल्ला. रुपयाचे चिन्ह असलेले आणि नसलेले नाणे, कमी रेघांचे आणि अधिक रेघांचे, यांतले कोणते खरे यावर बाजारात वाद रंगले. जानेवारी 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने चौदाही प्रकार वैध असल्याचे जाहीर केले. पण अफवा खेड्यात एका दिवसात पोहोचते. खुलासा मात्र बँकेच्या फलकापाशीच थांबतो.

वस्तुतः बँकांना रिझर्व्ह बँकेची सूचना स्पष्ट आहे. कोणत्याही शाखेने काउंटरवर आलेली नाणी नाकारू नयेत. एक व दोन रुपयांची नाणी वजनावरही घ्यावीत. शंभर-शंभर नाण्यांच्या प्लास्टिकच्या पिशव्या करून आणल्यास सोयीचे. ग्राहकाने खात्यात किती नाणी भरावीत याला मर्यादा नाही. प्रत्यक्षात काय होते? "आज माणूस नाही," "गुरुवारी या," "आमच्याकडे खाते आहे का?" अशी उत्तरे मिळतात, आणि एक दिवसाचा धंदा बुडवून आलेली बाई पिशवीसह परत जाते. कारकुनाला दोष देण्यात अर्थ नाही. जिथे माणसे कमी करत नेली, तिथे नाणी मोजायला कोण बसणार?

म्हणून किराणा दुकानदाराशी भांडत बसण्यापेक्षा मागणी वर न्यावी. नाणी नाकारणाऱ्या बँकेला जाब विचारता येईल, अशी तरतूद कायद्यातच हवी. वीजबिलाची खिडकी, एस. टी.चे तिकीटघर, टपाल कचेरी, पालिकेचा करभरणा या सरकारी ठिकाणी हजारापुढची नाणीही घ्यावीत. जे सरकार नाणे पाडते, त्याला ते जड होण्याचे कारण नाही. आठवडी बाजाराच्या गावी बँकेने त्या संध्याकाळी एक खिडकी नाण्यांसाठी उघडी ठेवावी. तोवर आपल्या शाखांना एक साधे काम करता येईल. शंभर-शंभरच्या पिशव्या बांधून द्याव्यात, चार विक्रेत्यांना बरोबर घेऊन बँकेत जावे, आणि नकार मिळाला तर तो लेखी मागावा. आमच्या गावी गेल्या महिन्यात तिघे कार्यकर्ते त्या फुलवाल्या बाईंबरोबर असे गेले. शाखाधिकाऱ्यांनी लेखी नकार दिला नाही, वजनकाटा आणवला.