धरण सुस्थितीत, गाव धोक्यात

धरणांच्या सरकारी नोंदींत दोन वेगळे रकाने असतात आणि ते एकमेकांत मिसळण्याची सवय आपल्या प्रशासनाला जडली आहे. पहिला रकाना धरणाच्या प्रकृतीचा. पावसाळ्यापूर्वी व नंतर होणाऱ्या तपासणीत धरण फुटण्यास कारण ठरतील असे दोष आढळल्यास श्रेणी 1, तातडीने दुरुस्त करण्याजोगे मोठे दोष असल्यास श्रेणी 2 आणि किरकोळ दोष असल्यास किंवा दोषच नसल्यास श्रेणी 3. दुसरा रकाना धोकावर्गाचा. धरण फुटलेच, तर खालच्या बाजूस किती माणसे, घरे, पूल पाण्यात जातील, एवढेच तो सांगतो. उत्तम बांधलेले धरणही त्यात वरच्या वर्गात असू शकते.

2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले आणि भेंदवाडीतील वीसहून अधिक माणसे वाहून गेली. हे मातीचे धरण. त्याचा साठा जेमतेम अडीच दशलक्ष घनमीटर, वयही वीस वर्षांच्या आतबाहेर. साठा पाहिला तर धरण लहान, पायथ्याची वाडी पाहिली तर धोका मोठा. गळतीची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती. नंतर तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखविले, ते सर्वांच्या स्मरणात आहेच.

मातीच्या भिंतीतून थोडे पाणी पाझरतेच. पाझर नितळ आणि स्थिर असेल, तर त्याचे मोजमाप ठेवणे पुरेसे. तो गढूळ झाला, की भिंतीतील माती आतून वाहू लागली असे समजावे. दुसरा शत्रू म्हणजे माथ्यावरून वाहणारे पाणी. 11 ऑगस्ट 1979 रोजी सांडव्याच्या क्षमतेपलीकडचा पूर आला, मच्छू-2 धरणाचे मातीचे बांध खचले आणि मोरबी शहर बुडाले. पुण्याला पानशेतची आठवण करून देण्याची गरज नाही.

माझ्या सेवाकाळात असे तपासणी अहवाल मेजावर येत. एका धरणापुढे सलग तीन वर्षे ‘किरकोळ पाझर, स्थिती पूर्ववत’ हे शब्द होते. पूर्ववत म्हणजे केव्हासारखी, हे मी विचारले नाही. आज लखनऊ छावणीतील निवृत्त जीवनात तो न विचारलेला प्रश्न अधिक बोचतो.

30 डिसेंबर 2021 पासून लागू झालेल्या धरण सुरक्षा कायद्याने जुन्या धरणांच्या मालकांना आपत्कालीन कृती आराखड्यासाठी आणि पहिल्या सर्वंकष सुरक्षा मूल्यमापनासाठी पाच वर्षे दिली. ही मुदत डिसेंबर 2026 अखेरची. दोन हजारांहून अधिक मोठी धरणे असलेल्या महाराष्ट्रावर तिचा भार सर्वाधिक. मात्र दहा मीटरपर्यंत उंचीची धरणे या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहतात; गावतळी आणि पाझर तलाव बहुतांशी त्यांतलेच.

धोकावर्ग एकदा ठरवून फाइल बंद करता येत नाही. धरण जागच्या जागी असते, वस्ती मात्र नदीकाठाने सरकत येते. म्हणून दर जनगणनेनंतर, तसेच पूररेषेत बांधकामाची परवानगी देण्यापूर्वी, हा वर्ग नव्याने तपासला जावा. फुटीच्या पाण्याचा नकाशा तलाठी कार्यालयात मराठीत टांगलेला असावा. आज तो, तयार असलाच तर, पाटबंधारे खात्याच्या कपाटात सापडतो.