मार्गदर्शन की मेहेरबानी?

विज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गांत आणि संशोधनशाळांत आज जे विद्यार्थी येतात, ते सारे एकाच प्रकारच्या घरांतून आलेले नसतात, ही समाधानाची गोष्ट आहे. आरक्षणामुळे व शिष्यवृत्त्यांमुळे गडचिरोलीच्या शाळामास्तरांची मुलगी किंवा परभणीच्या शेतमजुराचा मुलगा बंगळूर, कोलकाता, दिल्ली येथील प्रयोगशाळांच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचू शकतो. परंतु उंबरठा ओलांडल्यावर त्यांना हाताशी धरणारे कोण, असे विचारले की सुशिक्षित मंडळी ठरावीक उत्तर देतात : ‘बुद्धी असेल तो आपली वाट काढील.’ हे उत्तर आम्हांस साफ चुकीचे वाटते.

आपल्याच व्यवसायाकडे पाहावे. केंद्र सरकारने १९४८ साली दिल्लीत सचिवालयातील नोकरवर्गासाठी प्रशिक्षणशाळा काढली. तीच संस्था आज सचिवालय प्रशिक्षण व व्यवस्थापन संस्था या नावाने चालू आहे. टिपण कसे लिहावे, मसुदा कसा करावा, हे आम्हां कारकुनांना रीतसर शिकविले जाते. सनदी अधिकाऱ्यांना तर मसुरीस ठेवून घेऊन शिकवितात. ‘हुशार असेल त्याला टिपण आपोआप लिहिता येईल,’ असे तेथे कोणी म्हणत नाही. मग ज्याने पुढे देशाचे विज्ञान चालवावयाचे, त्यानेच सारे काही आपोआप शिकावे, ही अपेक्षा कोणत्या न्यायाची?

शोधनिबंध कसा वाचावा, अनोळखी प्राध्यापकास पत्र कसे लिहावे, शिफारसपत्र केव्हा मागावे, निबंधावरील लेखकांच्या नावांचा क्रम कसा ठरतो, परिषदेत उभे राहून प्रश्न कसा विचारावा, या गोष्टी कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाहीत. प्राध्यापकाच्या मुलाला त्या घरी जेवणाच्या पानावर कळतात. त्याला कोणी सवलत म्हणत नाही. तेच ज्ञान इतरांना वर्गात द्या म्हटले, की मात्र ‘या कुबड्या कशाला?’ असा सवाल येतो! आमच्या मते याला गुणवत्तेचा कैवार म्हणता येत नाही. हा केवळ घराण्याचा कैवार आहे.

आक्षेपकांच्या तोंडी मेघनाद साहांचे नाव हटकून येते : ढाक्याजवळच्या खेड्यातल्या दुकानदाराचा हा मुलगा स्वतःच्या बळावर वर आला नाही काय? आला, पण एकटा आला नाही. अनंतकुमार दास नावाच्या डॉक्टरांनी शाळकरी साहांना आपल्या घरी ठेवून घेतले, म्हणून त्यांचे पुढचे शिक्षण झाले. कोलकात्याच्या वसतिगृहात जातीमुळे त्यांच्या पंक्तीस बसणे नाकारणारे विद्यार्थी होते. पण त्याच शहरात जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय हे गुरूही त्यांना लाभले. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांची कथाही निराळी नाही. १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने त्यांना स्त्री म्हणून आधी नकार दिला आणि त्यांनी आग्रह धरल्यावर अटी घालून प्रवेश दिला. दार त्यांच्या निर्धाराने उघडले खरे. परंतु आत एम. श्रीनिवासय्या यांच्यासारखे शिक्षक भेटले. १९३९ साली त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. असे गुरू ज्यांना भेटले नाहीत, त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, एवढाच या थोर उदाहरणांचा अर्थ.

कोणी म्हणेल, गाइड असतोच की! विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी प्राध्यापकाने एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाने ६ आणि सहायक प्राध्यापकाने ४ संशोधक घ्यावेत, अशी मर्यादा घातली आहे. दर सत्रात विद्यार्थ्याने सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी, असेही म्हटले आहे. परंतु त्या समितीचा निमंत्रक कोण? स्वतः गाइडच! ज्याच्या सहीवाचून फेलोशिपचा कागद पुढे सरकत नाही, त्याच्याविषयीचे गाऱ्हाणे विद्यार्थ्याने त्याच्याच समोर कसे मांडावे? कचेरीत वरिष्ठाविरुद्धचा अर्ज त्याच वरिष्ठामार्फत धाडण्याचा प्रसंग ज्यांनी पाहिला आहे, त्यांना अधिक सांगणे नको.

आणखी एक अन्याय आहे. साऱ्या विद्यार्थ्यांना प्राध्यापक व्हायचे आहे, असे धरून शिकविले जाते. जागा मात्र थोड्या. पेटंट कार्यालयात परीक्षक म्हणून विज्ञानाचे द्विपदवीधर घेतात, भूवैज्ञानिकांची निवड संघ लोकसेवा आयोग परीक्षा घेऊन करतो, हवामान खात्याला व न्यायवैद्यक प्रयोगशाळांना विज्ञानाची माणसे लागतात. हे किती विभागांत वेळेवर सांगितले जाते? घरी पैसे धाडण्याची ज्याच्यावर जबाबदारी आहे, त्याला तिशी उलटल्यावर ही माहिती मिळून काय उपयोग?

म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. पहिल्याच सत्रात या अलिखित विद्येचा रीतसर वर्ग असावा. प्रत्येक विद्यार्थ्याला गाइडखेरीज एक स्वतंत्र सल्लागार मिळावा, आणि त्याच्या हाती विद्यार्थ्याची फेलोशिप वा पदवी असू नये. सल्लागाराने दिलेला वेळ त्याच्या कामात, बढतीच्या हिशेबात धरला जावा. जे नियमात बसत नाही ते मेहेरबानीवर चालते; आणि मेहेरबानी ओळखीच्या घरापलीकडे सहसा जात नाही.

हे नियम होतील तेव्हा होतील. तोवर परप्रांतांतील आपल्या मराठी मंडळांना एक काम करता येईल. आपल्यांत पेटंट कार्यालयात, भूसर्वेक्षणात, हवामान खात्यात, प्रयोगशाळांत नोकरी करणारे पुष्कळ आहेत. त्यांची नावे, विषय आणि भेटीची वेळ लिहिलेली एक वही मंडळाने करावी, आणि प्रवेशाच्या दिवसांत ती शहरातल्या विद्यापीठांच्या वसतिगृहांत पोहोचवावी. येणारा विद्यार्थी मराठी आहे की उडिया, हे मात्र विचारू नये. गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी आपण दारोदार जातोच. या वहीसाठी चार दारे अधिक फिरण्यास हरकत नसावी.