तारखेसह नक्कल

पैठणच्या एकनाथमहाराजांनी आपले ‘भागवत’ वाराणसी क्षेत्री पूर्ण केले, ते इ. स. १५७३ मध्ये. ग्रंथाच्या अखेरीस त्यांनी समाप्तीचा काळ दोन प्रकारांनी नोंदविला आहे: काशीच्या रीतीने विक्रम संवत १६३०, वृष नाम संवत्सर, आणि गोदातीरीच्या रीतीने शालिवाहन शके १४९५, श्रीमुख नाम संवत्सर. क्षण एकच, मोजण्याच्या रीती दोन. पुढे शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करताना त्यांनी मूळ ग्रंथाचा शके १२१२ हा काळ तसाच राहू दिला व आपल्या शोधनाचे वर्ष निराळे लिहिले. ग्रंथ केव्हाचा आणि प्रत केव्हाची, हे दोन्ही आज कळते ते या दक्षतेमुळे.

घरातील जुन्या संगणकावरून नव्यावर कागदपत्रे नेताना हीच दक्षता हवी. दोन्ही यंत्रे एका जाळ्यात जोडून फोल्डर उचलून ठेवणे सोपे असते; परंतु विंडोज पद्धतीच्या संगणकात अशा साध्या नकलेत फाईलची ‘बदल केल्याची’ तारीख टिकते, ‘निर्मितीची’ बदलते, आणि फोल्डरवर तर सामान्यतः आजचीच तारीख उमटते. यंत्राच्या दृष्टीने तो फोल्डर आजच जन्मलेला असतो. शिवाय आत येऊन पडणारी प्रत्येक फाईल म्हणजे त्या फोल्डरमध्ये झालेला बदलच होय.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. कॅमेऱ्याने टिपलेल्या छायाचित्रात बहुधा तारीख आतच नोंदलेली असते. परंतु वडिलांच्या औषधोपचाराचे कागद, जमिनीचे नकाशे, जुनी पत्रे यांच्या उतरविलेल्या प्रतींना तसा आधार नसतो. ते कागद कोणत्या वर्षी एकत्र केले, याची साक्ष पुष्कळदा त्या फोल्डरची तारीखच देते. ती गेली की पंधरा वर्षांचा संसार एकाच दुपारी घडला, असे दिसू लागते.

उपाय कठीण नाही. विंडोजमध्ये ‘रोबोकॉपी’ नावाची आज्ञा असते. तिच्यात फोल्डरांसाठी ‘डीकॉपी’ ही स्वतंत्र सूचना असून तिच्यापुढे ‘टी’ हे अक्षर दिले म्हणजे फोल्डरांच्या तारखाही सोबत येतात. लिनक्स वापरणाऱ्यांनी ‘आरसिंक’ आज्ञा तिच्या ‘ए’ या पर्यायासह द्यावी. तीत फाईल व फोल्डर या दोहोंच्या ‘बदल केल्याच्या’ तारखा टिकतात. अशा साधनांत फोल्डर आधी भरला जातो आणि तारीख शेवटी लावली जाते. क्रम उलटा झाल्यास लावलेली तारीख पुन्हा पुसली जाईल.

आरंभ करण्यापूर्वी नव्या संगणकावर भारतीय प्रमाणवेळ लावलेली आहे ना, हे पाहावे. विंडोज ९८ च्या काळातील डिस्क स्थानिक घड्याळाची वेळ नोंदवीत. पुढील एनटीएफएस पद्धत १ जानेवारी १६०१ पासून जागतिक वेळेने काळ मोजते. काशी आणि पैठण यांच्या कालगणनेसारखाच हा प्रकार आहे. रूपांतर चुकले तर तास सरकतात. जुन्या यंत्रातील घड्याळाचा सेल संपलेला असल्यास त्यानंतरच्या तारखा मुळातच चुकीच्या असू शकतात, हेही ध्यानात ठेवावे.

जुन्या संगणकावरील फोल्डरांची तारखांसह यादी प्रथम काढून ठेवावी. एका लहान फोल्डरवर प्रयोग करावा, मग सर्व संग्रह न्यावा, आणि यादीशी ताडून पाहिल्यावाचून जुने यंत्र पुसू नये.

शेवटी एक लहानशी टीप लिहून संग्रहात ठेवावी: ही नक्कल कोणी, कोणत्या दिवशी व कोणत्या यंत्रावरून केली. जुन्या पोथ्यांचे लेखक अखेरच्या पानावर हेच लिहीत असत. आपल्या मुलानातवंडांनाही तिचा उपयोग होईल.