धंदा दाखवा, पण हिशेबासकट

संपादक महोदय,


आपल्या रविवार पुरवणीत ‘द ड्यूस’ या अमेरिकन मालिकेचा परिचय आला. त्यावर एका वाचकाने पत्रातून विचारले आहे, की वेश्याव्यवसायावर असली मालिका काढून समाजाचे काय भले होणार? त्यांची काळजी मला समजते. या विषयाआडून अंगप्रदर्शनाचे दुकान मांडणारे पुष्कळ आहेत. पण या मालिकेला त्यांच्या पंगतीत बसवणे अन्यायाचे आहे.

मूळचे बाल्टिमोरचे बातमीदार डेव्हिड सायमन आणि कादंबरीकार जॉर्ज पेलेकॅनोस यांनी २०१७ ते २०१९ या काळात तिचे २५ भाग केले. ‘ड्यूस’ हे न्यूयॉर्कमधल्या ४२व्या रस्त्याचे टोपणनाव. मुख्य कथा १९७१ला सुरू होते आणि १९८५पर्यंत जाते. पहिल्याच भागात एक कोवळा पोरगा गिऱ्हाईक म्हणून येतो. त्याचे क्षणात आटोपते आणि तो त्याच पैशात पुन्हा संधी मागू लागतो. धंदा करणारी आयलीन त्याला वडिलांचा व्यवसाय विचारते. वडील मोटारी विकतात. मग ती त्याला शांतपणे समजावते, की वडील एका गाडीच्या पैशात दोन गाड्या देत नाहीत, तसेच हे माझे काम आहे. त्या दृश्यात कुठे चाळवणे नाही. एक बाई आपल्या कामाचा भाव राखते आहे, एवढेच आहे.

पुढे सगळी मालिका हा हिशेबच मांडत जाते. आधी रस्त्यावरचा दलाल कमाई काढून घेतो. मग माफियाचे मसाज पार्लर येते, पोलिसांचा वाटा ठरतो. पुढे अश्लील चित्रपटांचा उद्योग वाढतो, व्हिडिओ कॅसेट येतात, एड्स येतो. मालक बदलतात, बाईच्या हाती मात्र उरते तेवढेच. शेवटी शहराला ती जागाच हवी असते. प्रत्यक्षातही १९९७मध्ये तिथले न्यू ॲमस्टरडॅम थिएटर डिस्नेने नवे करून उघडले. रस्ता चकचकीत झाला. बायका सुटल्या नाहीत, फक्त नजरेआड गेल्या.

आणि कलाकारांच्या शोषणाचाच आक्षेप असेल, तर हेही सांगायला हवे. दुसऱ्या पर्वात एमिली मीड या अभिनेत्रीच्या मागणीवरून प्रणयदृश्यांच्या वेळी कलाकारांची बाजू सांभाळणारी व्यक्ती सेटवर नेमली गेली. पुढे ही मालिका दाखवणाऱ्या एचबीओ वाहिनीने आपल्या सर्व मालिकांना तोच नियम लावला.

मी हे पोटतिडकीने लिहिते, कारण कामाठीपुऱ्याच्या वेश्यावस्तीलगत, नागपाड्याजवळच्या पालिका शाळेत मी अनेक वर्षे शिकवले. पहिल्या तासाला बाकावर डोके टेकून झोपणारी मुले मी कधी उठवली नाहीत. रात्री त्यांच्या घरात त्यांना जागा नसे. प्रवेशाच्या अर्जावर आईच्या व्यवसायापुढे ‘घरकाम’ लिहिले जाई. बेळगावकडच्या एका आईने मला बोटांवर मोजत सांगितले होते, “बाई, मी अधियावर आहे. निम्मं घरवालीचं. उरल्यात जेवण, लाइटबिल, सावकाराचं व्याज अन् हप्ता.” घरवाली म्हणजे कोठ्याची मालकीण. मी शेतकऱ्याची मुलगी, निम्म्या वाट्याची अर्धेलीची शेती मला ठाऊक होती. पण अर्धेलीत जमीन तरी मालकाची असते. इथे जमीन म्हणजे तिचे शरीरच, आणि निम्मे दुसऱ्याचे.

हा हिशेब आपल्या पडद्यावर येत नाही. ‘गंगूबाई काठियावाडी’ने कामाठीपुऱ्याला राणी दिली, ‘हीरामंडी’ने लाहोरच्या कोठ्यांना झुंबरे आणि दागिने दिले. डोळे दिपले. अधिया मात्र कुणाला कळला नाही. मराठीला तर हे नवे नव्हते. ‘द ड्यूस’ ज्या काळात सुरू होते, त्याच काळात, १९७२मध्ये, नामदेव ढसाळांचा मुंबईच्या वेश्यावस्तीचे जग मांडणारा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला. तेव्हाही त्यातल्या भाषेवर नाके मुरडली गेली. आज त्याच्याशिवाय मराठी कवितेचा इतिहास लिहिता येत नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की अशा मालिकांवर आक्षेप घेताना ‘दाखवले का’ असे न विचारता ‘पैसा कुणाच्या खिशात गेला हे दाखवले का’ असे विचारावे. आज हा प्रश्न आपल्या दाराशी आहे. या बायकांनाही सन्मानाने जगण्याचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये बजावले. दुसरीकडे कामाठीपुऱ्याच्या पुनर्विकासाची योजना पुढे सरकते आहे. तिथले जुने रहिवासी पडक्या इमारतींत जीव मुठीत धरून राहतात, त्यांना पक्की घरे मिळालीच पाहिजेत. पण घर मिळते भाडेपावतीवर, आणि भाड्याच्या खाटेवर आयुष्य काढलेल्या बाईकडे पावती कुठून असणार? ४२व्या रस्त्यावर हे कुणी वेळेत विचारले नाही. आपण इमारती पाडण्याआधी विचारूया.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, मुंबई