भेगेला शेवटची तारीख नसते

विजेच्या बिलावर शेवटची तारीख छापलेली असते, भिंतीच्या भेगेवर नसते. म्हणून बिल भरलं जातं आणि भेग राहते. जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यासारख्या जुन्या वस्तीत हा प्रश्न नुसता वेळापत्रकाचा नाही. २२ मे १९९७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी हे शहर हादरलं. ५.८ तीव्रतेच्या त्या धक्क्यात चाळीसच्या आसपास माणसं गेली, हजारो घरं तडकली. तेव्हा काही महिने भिंतीपेक्षा तातडीचं काहीच नव्हतं. मग गिलावा झाला, चुना फिरला, भेग दिसेनाशी झाली आणि तिचा विषयही मिटला. तातडीचं कुठलं आणि महत्त्वाचं कुठलं हे आपल्याला कळत नाही, असं म्हणतात. मला ते पटत नाही. कळतं सगळ्यांना, पण फीसाठी शाळा तगादा लावते, आहेरासाठी नातेवाईक, हप्त्यासाठी बँक. भिंतीच्या वतीने तगादा लावणारं कोणी नसतं.

‘तेव्हा घर पडलं नाही, आता काय पडतंय?’ हे उत्तर ऐकायला बिनतोड वाटतं. पण तडकलेली भिंत वरून लिंपली म्हणजे आतून सांधली जात नाही. किल्लारीची घरंही पिढ्यानपिढ्या उभी होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, भूकंपात ती बसली. मातीत रचलेले दगड, वर मातीचं जड माळवद, आणि भिंतीच्या दोन्ही अंगांना धरून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच. हजारो माणसं त्याखाली गेली. शिवाय भूकंप आपल्या हयातीत न आला तरी मुरलेल्या पाण्याने हीच भिंत एखाद्या श्रावणात खचू शकते. डागडुजी वाया जात नाही.

पैशाचा आक्षेप मात्र खरा आहे. भाडेकरू म्हणतो घर मालकाचं, मालक म्हणतो भाडं किती येतं ते बघा. ज्याची चूल रोजच्या कमाईवर पेटते त्याला दूरदृष्टीचे धडे देण्यात अर्थ नाही. पण पलंगावरच्या माळ्यावरून पितळी भांड्यांची ट्रंक खाली उतरवायला, कपाट पट्टीने भिंतीला जखडायला, जिन्यातली अडगळ काढायला कितीसा खर्च येतो? तरी ते होत नाही, म्हणजे अडचण पैशाची कमी आणि तगाद्याची जास्त. तेव्हा तगादा उसना घ्यावा. दिवाळीच्या साफसफाईत ट्रंक खाली येतेच, ती परत वर चढवू नये. आणि २२ मे ही तारीख पावसाच्या तोंडावर आयती पडली आहे: त्या आठवड्यात मिस्त्रीकडून गिलावा ठोकून बघावा, पोकळ वाजेल तेवढाच उकरून भेग आतपर्यंत भरून घ्यावी. मिस्त्री एका दिवसाच्या कामासाठी चार दिवस फिरवतो, हे धरून त्याला पंधरा तारखेलाच सांगून ठेवावं.